पोपटी स्वेटर आणि ब्लॅक-अँड-व्हाइट आबा

ताजी बातमी अशी की आबा हयात आहेत. तिला दुजोरा खुद्द आबांनी दिला आहे, माझ्या समोरच्या खुर्चीत बसून, बिनदुधाच्या चहाला नाक मुरडत. शनिवारी ज्यांनी घाबरून फोन केले त्या सगळ्यांची माफी मागतो आणि काय झालं ते सांगतो.

शनिवारी पहाटे साडेपाचला पुणं सोडलं. शिरूर तालुक्यात जायचं तर याहून उशीर करू नका. वाघोलीत अडकलात की सकाळ गेली. कोरेगाव भीमाला कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागायच्या आत पुढे सटकलो. शिक्रापुरात मिसळ खाल्ली, ऐंशी रुपये, तर्री मागाल तितकी. तिथून तळेगाव ढमढेरेमार्गे न्हावऱ्याचा रस्ता. सध्या कारखाने चालू आहेत आणि उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवे नसतात, धुक्यात जपून.

जायचं कारण एकच होतं. माझे वडील एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत, गावात एकटे राहतात, आणि त्यांचा एकही धड फोटो माझ्याकडे नव्हता. आई गेली तेव्हा मतदान कार्डावरचा फोटो मोठा करून आणावा लागला होता. स्टुडिओवाल्याने त्याला जोडलेली साडी आईची नव्हतीच. ते भिंतीवर बघितलं की अजून टोचतं. आबांचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. महिनाभर हेच डोक्यात घोळत होतं.

पोचलो तेव्हा आबा अंगणात तयार बसलेले. नातीने दिलेला पोपटी स्वेटर, इस्त्रीची टोपी. मी कॅमेऱ्याची सेटिंग ब्लॅक-अँड-व्हाइटवर ठेवली. पडद्यावर सगळं राखाडी झालं आणि आबांचा चेहरा एकदम उठून आला. कपाळावरच्या रेघा, गालाचे खळगे, मानेच्या शिरा.

मी पडदा दाखवला. त्यांनी चष्मा वर-खाली केला.

"स्वेटर कुठं गेला?"

"हा काय. रंग दिसत नाही, पण चेहरा कसा आलाय बघा."

"रंगीत काढ की. आसला फोटू मेल्यावर लावत्यात. तसा इचार आसंल तर आत्ताच सांग, मी टोपी बदलून येतो."

मी हसलो आणि दुपारपर्यंत काढत राहिलो. ओट्यावर, गोठ्यात, खिडकीच्या उजेडात. एक फोटो फार सुंदर आला. तो चार वाजता गावकी-भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली नुसतं लिहिलं: आबा. आमच्या घरात रेंज दाराबाहेरच असते. फोन खिशात ठेवून आत गेलो.

अर्ध्या तासाने शेजारचे किसनमामा धापा टाकत आले. खांद्यावर टॉवेल, हातात हाराची पुडी. मला बाजूला घेऊन म्हणाले, "कवा झालं?"

"काय कवा झालं?"

तेवढ्यात आतून आबांचा आवाज आला. "कोन हाय रं?"

किसनमामा मटकन ओट्यावर बसले.

"आरं, तूच टाकला न्हवं फोटू? काळा-पांढरा, खाली नुसतं आबा. मानसानं समजायचं तरी काय?"

चूक माझीच. आमच्याकडे वाढदिवसाचे फोटो रंगीत येतात, गुलाबांची चौकट वगैरे लावून. बिनरंगाचा फोटो फोनवर येतो तो एकाच वेळी. दाराबाहेर जाऊन ग्रुप उघडला तर हात जोडल्याच्या चाळीसेक खुणा. तीस वर्षं वर्तमानपत्रात काढली, दुजोऱ्याशिवाय ओळ सोडली नाही, आणि ही बातमी मी दिली होती.

आबा बाहेर आले. "आलाच हायस तर च्या घे, किसन. हार दे हिकडं, देवाला घालू."

"खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतंय, आबा," मामा म्हणाले.

सगळ्यांना फोन करून झाले. वरवंडची आत्या, म्हणजे आबांची धाकटी बहीण, तेवढी ऐकेना. तिचा मुलगा दत्ता सांगत होता, "आईनं डोक्यावरनं पानी घेतलंय, घरात चूल न्हाई. आबामामाचा आवाज ऐकवला तरी म्हनती, माझी समजूत घालताय."

"उद्या घेऊन चल मला," आबा म्हणाले. "तोंड बघितल्याबिगर जेवायची न्हाई ती." स्वतः मात्र त्यांनी रात्री अर्धीच भाकरी खाल्ली. जेवण जात नाही म्हणाले. ते मी ऐकलं आणि सोडून दिलं.

रविवारी सकाळी न्हावऱ्याहून पारगावचा पूल ओलांडून केडगाव-चौफुल्याकडे निघालो. या वाटेवर गुऱ्हाळं लागतात. थांबा, गरम गूळ पानावर देतात. आबा आजवर कधी न थांबता पुढे गेलेले नाहीत. या वेळी म्हणाले, "नगं, मळमळतंय." मला आत्याकडे पोचायची घाई होती.

आत्या वरवंडला दारातच उभी होती. आबा गाडीतून उतरले तशी तिने भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं. रडता रडता एकदम थांबली. त्यांना उन्हाकडे वळवलं, अंगठ्याने डोळ्याखालची कातडी ओढली.

"दादा, डोळं हळदीवानी झाल्यात की रं."

"उनानं दिसतंय तुला."

"मला नगं शिकवू." मग माझ्याकडे वळली. "काल दिसभर फोटू काढत हुतास ना रं तू? काय बघत हुतास?"

मी वाकून बघितलं. कॅमेरा गाडीत होता. बुबुळाच्या भोवती सगळं पिवळं.

"कावीळ उतरवनारा एक हाय जवळच," दत्ता म्हणाला.

"आदी डाक्टर," आत्या म्हणाली. "उतरवनारा कुठं पळून चाललाय?"

पाटसवरून दौंड गाठलं. रविवार असून एक दवाखाना उघडा मिळाला. डॉक्टरांनी तपासलं, रक्त घेतलं. "कावीळ आहे. कशामुळे, ते रक्त आणि सोनोग्राफीवरून कळेल. या वयात थांबू नका." आबांना तसंच पुण्याला घेऊन आलो. उरुळी कांचन ते लोणी, सगळा वेळ मी आरशातून त्यांचे डोळे बघत होतो.

घरी आल्यावर फोटो संगणकावर उघडले. हा कॅमेरा पडद्यावर राखाडी दाखवतो, पण मूळ फाइलमध्ये सगळे रंग ठेवतो. ते परत आणले. स्वेटर पोपटी झाला. त्याच्या वर डोळे पिवळे. शनिवारी सकाळच्या पहिल्याच फोटोत. दिवसभरात दोनशे फोटो काढले, आणि प्रत्येकात ते होतं.

तो ब्लॅक-अँड-व्हाइट फोटो मी पुसलेला नाही. चांगला आहे. त्यात आबा नुसते म्हातारे दिसतात.

रक्ताचा रिपोर्ट उद्या अकराला फोनवर येईल, असं लॅबमधून सांगितलंय. दुपारी सोनोग्राफी. त्याआधी सकाळी सातला आबांना पूर्वेच्या खिडकीत बसवून फोटो काढायचा आहे, डोळे मोठे उघडून. आम्ही वरवंडहून निघताना आत्याने दत्ताचा फोन माझ्यापुढे धरून बजावलंय, "रोज धाड. रंगीत. आन् खाली लिव, आबा बरं हायती का न्हाईत."