मदत केली की नाव लाल

स्टाफरूममध्ये चार शिक्षक आणि चहाची किटली असली की किस्से आपोआप साठतात. पौड रस्त्यावरच्या आमच्या शाळेत मात्र ते खरे साठायला लागले सॉफ्टवेअर आल्यापासून. त्याआधी आम्ही एकमेकांवर एवढा संशय घेत नव्हतो. तेवढा वेळच नसायचा.

सॉफ्टवेअर कसलं, तर अभ्यासात मागे पडणाऱ्या किंवा वर्गात त्रास देणाऱ्या मुलांना कोणी काय मदत केली, याची नोंद ठेवणारं. मुलाचं नाव हिरवं, पिवळं नाहीतर लाल दिसायचं; लाल म्हणजे सगळ्यांत कच्चं. ते वापरायला शिकवायला मारुंजीच्या कंपनीतून एक तरुण आला होता. तो म्हणाला, "सर, हे प्रत्येक मुलावर लक्ष ठेवतं."

गणिताचे गायकवाड सर म्हणाले, "आणि आमच्यावर?"

"ते ऑप्शनल आहे, सर. तुमच्या संस्थेनं घेतलंय."

*

त्या दिवसापासून पीटीचे पवार सर नोंदींसाठी मिळालेल्या टॅबलेटला घाबरायला लागले. "ते ऐकतंय," असं हळू आवाजात सांगायचे. शेवटी त्यांनी आपला टॅबलेट क्रिकेटच्या पॅडमध्ये गुंडाळून खेळाच्या कपाटात ठेवला आणि दिवसभर संस्थेबद्दल मनसोक्त बोलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं तर स्क्रीनवर मेसेज, "काल आपण एकाही विद्यार्थ्याला मदत केली नाही."

"बघा," पवार सर म्हणाले. "सगळं ऐकलंय!"

*

खरा संशय होता मोठ्या बाईंवर, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांवर. त्या आत आल्या की आम्ही हवामानावर बोलायचो. संस्थेच्या सचिवांना सगळं त्याच कळवतात, असं गायकवाड सरांचं ठाम मत. मलाही तसंच वाटायचं, कारण बाई कधी काही बोलायच्याच नाहीत. न बोलणाऱ्या माणसाचा आम्हाला फार त्रास होतो.

एकदा त्या म्हणाल्या, "काय ऊन पडलंय." आम्ही सगळे गप्प झालो. आमचाच विषय त्यांनी घेतला होता.

*

प्रत्येकानं रोज एक तरी मदत नोंदवायचीच, असा नियम निघाला. तास संपवून घाईत निघताना जे मूल समोर दिसेल त्याचं नाव टाकायचं. आठवीत दाराजवळच्या पहिल्या बाकावर छाया बसायची. डोंगरातल्या वाडीवरून चालत येणारी, शंका विचारायला न लाजणारी पोर. गायकवाड सरांनी तिला अपूर्णांकात मदत केली, मी जोडाक्षरांत. पवार सरांनी लिहिलं, "बुटाची लेस बांधायला शिकवले." छाया चपला घालायची.

महिन्याभरात छायाचं नाव लालभडक. मार्क चांगले होते, वागणूक चांगली होती. गायकवाड सरांनी कपाळाला हात लावला. "अहो, हे मार्क बघतच नाही. मदत मोजतंय. जास्त मदत म्हणजे मूल जास्त कच्चं."

*

छायाच्या आईला फोनवर मेसेज गेला. ती मजुरीचा दिवस मोडून शाळेत माझ्याकडे आली.

"बाई, माझ्या पोरीनं क्येलंय काय?"

"काही नाही हो. आम्ही तिला जास्त मदत करतोय, म्हणून नाव लाल झालंय."

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "मंग नगा ना करू मदत."

 

*

मग सचिवांचं परिपत्रक आलं. महिनाअखेरीच्या यादीत प्रत्येक वर्गात जे मूल सर्वांत लाल, त्याला येत्या सोमवारपासून पिरंगुटच्या शाखेतल्या वेगळ्या तुकडीत पाठवायचं. कच्ची मुलं तिकडे गेली की इकडचा निकाल चकाचक, हे कळायला गणिताचे सर लागत नाहीत. छायाच्या वाडीवरून पिरंगुट म्हणजे आधी डोंगर उतरून रस्त्यापर्यंत पायपीट, मग बस. तिच्या आईनं सरळ सांगितलं, "तितं न्हाई जमायचं. घरी बसंल ती."

आम्ही घाबरलो. तिच्या नोंदी बंद केल्या, पण जुन्या पुसता येईनात. शेवटी नाइलाजानं मीच मोठ्या बाईंकडे गेले आणि लेसपर्यंत सगळं सांगितलं.

"बघते," त्या म्हणाल्या.

"झालं," गायकवाड सर म्हणाले. "आता हेही सचिवसाहेबांना कळणार."

*

महिनाअखेरीला सचिवसाहेब स्वतः आले. भिंतीवरच्या पडद्यावर यादी लावायला लावली. "सॉफ्टवेअर चुकत नाही," ते आम्हाला म्हणाले. "माणसं चुकतात. आठवी काढा."

आठवी आली. छाया दुसरी होती. सर्वांत वर, तिच्याहून लाल, साहेबांचा नातू आर्यन. वर्गात पहिला येणारा.

 पवार सर टॅबलेटकडे बघत राहिले.

"हे कुणी भरलं?" साहेबांनी विचारलं.

आम्ही सगळ्यांनी गायकवाड सरांकडे बघितलं. त्यांनी आमच्याकडे बघितलं. त्यांचाही चेहरा पडला होता.

"मी," मोठ्या बाई म्हणाल्या. "आर्यन रोज मधल्या सुट्टीत दहा तरी शंका विचारायला येतो. हुशार आहे. मदत केली की नोंद करायची, असा नियम आहे ना."

साहेब पडद्याजवळ जाऊन नाव पुन्हा वाचायला लागले.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा घातला. "पिरंगुटची बस लवकर असते, साहेब. सोमवारी त्याला वेळेवर उठवाल ना?"