पुंजाराम सरांची पोटदुखी

बदनापुरात पुंजाराम सरांचं नाव निघालं की लोक हात जोडत. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून भागत नव्हतं म्हणून की काय, दर रविवारी हा माणूस खेड्यापाड्यांतली गरीब पोरं घरी जमवायचा आणि त्यांना पीएचडीच्या वाटेला लावायचा. फुकट, वर चहा! पण लोकांना काय ठाऊक, सरांची स्वतःची पीएचडी बापाच्या आजारपणात अर्धवट सुटलेली, आणि एखादं पोर पुढं गेलं की यांच्या पोटात दुखायचं. हसत पेढा घ्यायचे आणि मग घरात कुणाशी धड बोलायचे नाहीत.

शहाण्णव साली धावडा गावची इंद्रायणी आली. मेंढरांमागं वाढलेली, डोक्यानं तल्लख. आपल्याकडं पोरांनी मोठ्यांसमोर मान खाली घालायची, सर म्हणतील तेच खरं. ही सवय मोडायचा सरांनी विडाच उचलला होता. ते मुलाखतीतले साहेब होऊन बसत, मुद्दाम चुकीचं बोलत, आणि पोरांनी त्यांना खोडून काढायचं. बाकीची घाम पुसत राहायची. इंद्रायणी सरळ म्हणायची, "न्हाई सर, मला न्हाई पटलं." आणि मेली बरोबर असायची!

मग तिला बंगळुरूहून मुलाखतीचं बोलावणं आलं. बीएस्सीनंतर थेट पीएचडी. सरांनी तोंडभर कौतुक केलं आणि आतून नुसते जळाले. आपल्याला उभ्या जन्मात जमलं नाही, ते ही कालची पोर करणार? निघायच्या दिवशी त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"हे बघ, ती लई मोठी माणसं. उलट बोलू नको. हो ला हो कर."

सरांच्या बायकोनं, उषाबाईंनी, ते ऐकलं. "अहो, वर्षभर तर वेगळंच शिकवून राह्यलते तुम्ही!"

सर उगाच चष्मा पुसत बसले.

इंद्रायणी परतली ती निवड होऊनच, आणि थेट सरांच्या दारात.

"सर, तुमचं शेवटचं ऐकलं न्हाई मी. पटलंच न्हाई. एका साहेबांना तोंडावर सांगितलं, तुमचं चुकून राह्यलं म्हणून. तुम्हीच शिकवल्तं की!"

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पोर थांबायला तयार नव्हती.

"सर, एक बोलू? तुम्ही पुन्हा अर्ज करा की पीएचडीला. जाईस्तोवर तयारी मी करून घेते तुमची."

आता ही आपल्याला शिकवणार! सरांचे कान तापले. तिला चालती हो म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

"मंग कवा येशील?" ते म्हणाले.