अंगठ्याचा दोष

नळदुरुस्तीवाल्या त्या माणसाला सगळे पाइपराव म्हणत. आठवडाभर लोकांच्या बेसिनखाली वाकायचं आणि सुट्टीच्या सकाळी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या मित्राच्या, घड्याळजीच्या, दुकानामागच्या गॅरेजात रिमोटच्या गाड्या घसरवायच्या, हा त्याचा बारा वर्षांचा नेम. घसरवायच्या म्हणजे नुसत्या पळवायच्या नाहीत, तर गुळगुळीत फरशीवर गाडी आडवी करून, शेपूट बाहेर काढून वळणं घ्यायची. रबर फरशीला धरून बसतं, म्हणून चाकांवर प्लास्टिकच्या पाइपाची कडी चढवायची. दोघांच्याही गाड्यांची कडी पाइपरावच कापायचा.

दोघं जोडीने खेळत. पुढे पाइपरावाची गाडी, तिच्या दाराला चिकटून मागे घड्याळजीची. जायरो लावायचा नाही, हा नियम घड्याळजीनेच भिंतीवर रंगवला होता. जायरो ही काडेपेटीएवढी डबी. शेपूट जास्त सुटली की ती आपणहून पुढची चाकं वळवून गाडी सावरते. "मग आपण काय माश्या मारायच्या?" घड्याळजी म्हणायचा.

वर्षभरापासून मात्र घड्याळजीची गाडी नको तितकी सुरेख वळायला लागली आणि तिच्यापुढे पाइपरावाची अडखळती दिसू लागली.

"अंगठ्यांचंही वय होतं रे," घड्याळजी मायेने म्हणाला आणि व्यायामाला एक रबरी चेंडू देऊन गेला. पाइपराव रोज सकाळी चहा निवेपर्यंत तो दाबत बसे.

"अहो, पाना धरताना तर हात थरथरत नाही तुमचा," बायको म्हणाली.

"तुला त्यातलं काय कळतंय?"

हळूहळू अंगठा दुखायलाही लागला. डॉक्टरला त्यात काही सापडलं नाही, तर या गृहस्थाला डॉक्टरचाच राग आला. शेवटी वार्षिक स्पर्धेसाठी त्याने आपण होऊन पुढची जागा घड्याळजीला दिली. घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडला.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी तो नवी कडी घेऊन गॅरेजात आला. घड्याळजी पुढे दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत होता. त्याची गाडी चालूच राहिली होती, रिमोट टेबलावर पडला होता. पाइपरावाने गाडी उचलून उजेडाकडे, डावीकडे फिरवली. पुढची चाकं झटकन उजवीकडे वळली. त्याने उजवीकडे फिरवली, तर चाकं डावीकडे. रिमोटला कुणी हातही लावला नव्हता.

वरचं कवच काढलं. बॅटरीमागे काळ्या पट्टीने चिकटवलेली ती डबी. पट्टीवर फरशीची धूळ घट्ट बसली होती. ही काही कालपरवाची नव्हती. केसाने गळा कापला होता, आणि कापणाऱ्याच्या गाडीची चाकं यानेच वर्षभर चकचकीत ठेवली होती.

घड्याळजी आत आला आणि दारातच थांबला.

"मला एकदा तरी पुढे धावायचं होतं," तो खाली बघत म्हणाला.

"मागितलं असतंस तर दिलं नसतं का मी?"



पाइपरावाने मुकाट्याने चारही कडी बसवली, कारण काम अर्धवट टाकायची त्याला सवय नव्हती. मग खिशातून चेंडू काढून गाडीशेजारी ठेवला.

"माझा अंगठा कधी दुखतच नव्हता रे," तो म्हणाला. "तू म्हणालास म्हणून दुखायला लागला."