काकूंच्या कपाटातल्या छत्तीस बाटल्या

त्या दुकानात बिअरच्या चारशे तऱ्हा मिळायच्या, पण जिच्यासाठी लोक जीव टाकायचे ती बिअर फळीवर कधी दिसली नाही. ती असायची मागच्या खोलीत, जिन्याखालच्या पत्र्याच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली काकूंच्या ॲप्रनच्या खिशात. काकू म्हणजे मालकीणबाई नव्हेत बरं का! तेवीस वर्षं पगारावर काम करणारी बाई. पण स्वतः मालक, त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठे, तेही त्यांना काकूच म्हणत आणि कपाटातलं काही हवं असलं तर आधी विचारत.

ही बिअर यायची टेकडीवरच्या एका लहानशा भट्टीतून. भट्टीवाले म्हातारबा ती वर्षभर लाकडी पिंपांत मुरवायचे. काळीभोर, दाट, वर बोटभर फेस. थंडीच्या तोंडावर एकदाच बाटल्या भरायच्या आणि नऊ दुकानांत वाटून टाकायच्या. काकूंच्या दुकानाला छत्तीस मिळत. छत्तीस बाटल्या आणि मागणारे पाचशे! कुणाची झोप उडाली असती. काकूंनी मात्र शांतपणे एक पद्धत बसवली होती.

प्रत्येक बाटलीच्या गळ्यात दोऱ्यानं एक चिठ्ठी. चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचं नाव नाही, कारण नावं काकूंच्या लक्षात राहत नसत. ‘दाढीवाले दातांचे डॉक्टर’, ‘दोन कुत्रीवाली’, ‘सारखे घसा खाकरणारे’, असं काहीबाही. बाटली न्यायची, प्यायची, चिठ्ठीसकट रिकामी परत आणायची आणि कशी लागली ते काकूंसमोर उभं राहून सांगायचं. काकू ते चिठ्ठीमागे लिहून घेत आणि रिकामी बाटली वर्षभर मागच्या खोलीतल्या क्रेटमध्ये ठेवत. ज्यानं हे केलं त्याची बाटली पुढच्या वर्षी कपाटात. ज्यानं नाही केलं, तो कितीही मोठा असो, राम राम! शिवाय छत्तिसातल्या चार बाटल्या दरवर्षी नव्या तोंडांसाठी. हे शेवटचं मात्र काकूंनी कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

एकदा एका न्यायाधीशांचा ड्रायव्हर आला. काकू म्हणाल्या, “रिकामी बाटली?”

“साहेब म्हणाले, हवे तेवढे पैसे घ्या.”

“साहेबांना म्हणावं, पैसे ठेवा आणि बाटली पाठवा.”

तासाभरात साहेब स्वतः आले, कोटाच्या खिशात रिकामी बाटली खुपसून, आणि पाच मिनिटं फेसावर बोलले. काकूंनी अख्खं लिहून घेतलं.

हे खूळ त्यांच्या डोक्यात आलं ते एका गोडबोल्या माणसामुळे. फार वर्षांपूर्वी त्यानं आजारी भावाचं कारण सांगून एक बाटली नेली आणि आठवड्यानं ती दुसऱ्या बाजारातल्या एका शोकेसमध्ये पाचपट किमतीला उभी! बूचसुद्धा हललं नव्हतं. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अरे, प्यायला दिली होती मी, मिरवायला नाही!” असं त्या काचेलाच ओरडल्या. त्या दिवसापासून चिठ्ठी सुरू झाली.

तर सगळं असं सुरळीत चाललं असताना मालकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ते तीन महिने घरी पडले आणि दुकानात अवतरले त्यांचे जावई. काकू मनातल्या मनात त्यांना जावईबापू म्हणायच्या, तेव्हा आपणही तेच म्हणू. आधी ते कुठल्याशा कंपनीत ऑफिसच्या खुर्च्या विकायचे. माणूस वाईट नव्हता हो. उलट पहाटे येऊन फ्रीज स्वतः पुसायचा. फक्त आपल्याला सगळं कळतं अशी त्याची पक्की खात्री होती, आणि त्यावर औषध नाही.

दुसऱ्याच आठवड्यात जावईबापूंनी लॅपटॉप काकूंच्या पुढ्यात धरला. कुणा मुलीनं इंटरनेटवर लिहिलं होतं, ‘या दुकानात ओळख असेल तरच चांगली बिअर मिळते.’

“बघितलंत, काकू? लोक काय म्हणतात? खरं सांगू, हा वशिलाच झाला.”

“वशिला?” काकूंच्या हातातला फडका तसाच राहिला.

“राग मानू नका. पण कोणाला द्यायची हे तुम्ही एकट्या ठरवणार, चिठ्ठ्या तुमच्या, किल्ली तुमच्या खिशात. दुसरं काय म्हणायचं याला? यंदा आपण फोनवर बुकिंग घेऊ. जो पहिला, त्याला. सगळे सारखे.”

“म्हणजे ज्याचं बोट चपळ, त्याला बिअर?”

“तेच तर न्याय्य आहे!” जावईबापू खूश होऊन म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. काकूंनी किल्ली काढून दिली. न देऊन सांगतात कुणाला?

घरी गेल्यावर त्या जेवल्याच नाहीत. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, डोळ्याला भिंग लावून बसला होता. त्यानं भिंग काढलं.

“एवढं काय मनाला लावून घेतेस? किल्लीच ना? मी करून देतो दुसरी.”

“किल्लीचं मेलं कोण रडतंय! तेवीस वर्षांत मी सख्ख्या भावाला वशिल्यानं एक बाटली दिली नाही. तुम्हाला तरी दिली का हो, चिठ्ठीशिवाय? आणि हा कालचा पोरगा मला वशिलेबाज म्हणतो!” एवढं बोलून त्यांना रडू कोसळलं. नवऱ्यानं पाण्याचा पेला आणून दिला आणि किल्लीचा विषय पुन्हा काढला नाही. शहाणा माणूस.

त्याच आठवड्यात दुकानात भट्टीवरून पत्र आलं. म्हातारबांचा खांदा धरला होता, यंदा एकच पिंप निघालं, साठ बाटल्या झाल्या. त्या नऊ दुकानांत वाटण्यात अर्थ नाही, एकाच दुकानाला देईन, कोणाला ते स्वतः येऊन बघून ठरवीन. काकूंच्या दुकानात ते गुरुवारी येणार होते. जावईबापूंच्या अंगात वारं शिरलं. बुधवारी अख्खं दुकान घासूनपुसून लख्ख केलं आणि मागची खोली मोकळी करायला भंगारवाल्याला बोलावलं.

काकू काउंटरवर होत्या. दारातून हातगाडी निघालेली दिसली आणि त्यावर आपले क्रेट दिसले, तशा त्या बाहेर धावल्या.

“अहो, थांबा! ते भंगार नाही!”

“काकू, रिकाम्या बाटल्या आहेत त्या,” जावईबापू गिऱ्हाइकांसमोरच म्हणाले. “सध्या दुकान मी बघतोय ना?”

भर दुपारी बाजारातून ती गाडी खळखळत गेली. चष्म्याच्या दुकानातली बाई पायरीवर येऊन उभी राहिली. चपलांच्या दुकानातला हसून म्हणाला, “काय काकू, खजिना निघाला वाटतं?” काकूंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. खाली मान घालून त्या आत गेल्या आणि पाच वाजेपर्यंत फळ्या पुसत राहिल्या.

गुरुवारी अकराच्या सुमाराला म्हातारबांची डबडी व्हॅन दारात लागली. माणूस एवढासा, कान मोठे, हाताला भेगा. साठही बाटल्या मागे व्हॅनमध्येच होत्या. जावईबापूंनी खुर्ची दिली, पडद्यावर रंगीत आलेख दाखवले, बुकिंगला किती जण तयार आहेत ते सांगितलं. म्हातारबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “गेल्या वर्षीच्या माझ्या छत्तीस बाटल्यांचं काय झालं?”

“शंभर टक्के विकल्या गेल्या, आजोबा!”

“विकल्याचं नाही विचारलं. प्यायल्या गेल्या का?”

जावईबापू पडद्यावरचे आलेख पुढेमागे करू लागले.

“मागच्या महिन्यात माझ्या पाच बाटल्या लिलावात होत्या. पाच वर्षं जुन्या, सीलबंद. अरे, खराब झाली असेल ती आत! मी काय शोभेच्या वस्तू बनवतो का? आठ दुकानं फिरलो या आठवड्यात. किती विकल्या ते सगळ्यांना पाठ, कोण प्यायलं ते एकालाही ठाऊक नाही. हे नववं. इथेही तेच असेल, तर खांदा दुखवून घेऊन भट्टी चालवायची कशाला? साठ बाटल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटतो आणि टाळं लावतो.”

जावईबापूंनी लॅपटॉप मिटला. आणि फ्रीजजवळून आवाज आला, “मी सांगते.”

काकू पुढे आल्या. “छत्तिसातल्या पस्तीस प्यायल्या गेल्या. एक माझ्या नवऱ्यानं पायरीवर फोडली.”

“कशावरून?”

“बाटल्या आहेत ना! बूचं उघडलेल्या, लोकांनी परत आणून दिलेल्या. कोण काय म्हणालं तेसुद्धा लिहिलंय.”

म्हातारबा उठूनच उभे राहिले. “कुठे आहेत?”

काकूंनी जावईबापूंकडे पाहिलं. जावईबापूंनी जमिनीकडे पाहिलं.

“भंगारात,” काकू म्हणाल्या.

मग काय विचारता! म्हातारबांनी काकूंना पुढच्या सीटवर बसवलं, जावईबापू मागे क्रेटांमध्ये कोंबले गेले, आणि व्हॅन मागच्या गल्लीतून भंगाराच्या वखारीकडे सुटली. काकू सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. काचेचा चुरा करायचं मशीन त्या वखारीत सकाळी आठला सुरू होतं, हे त्यांना ठाऊक होतं.

मशीन धडधडत होतं. भंगारवाला कमरेवर हात ठेवून उभा होता आणि काकूंना बघताच उसळला. “तुमच्याच का हो त्या बाटल्या? एकेकीच्या गळ्यात दोरा, दोऱ्याला कागद! मशीनमध्ये दोरा गेला की अडकतं सगळं. एवढ्या गाठी कोण सोडत बसणार? ठेवल्यात कोपऱ्यात. न्या परत, उपकार होतील!”

काकूंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी त्या कळकट भंगारवाल्याला हातच जोडले.

म्हातारबा एका उपड्या टबवर बसले, चष्मा लावला आणि एकेक चिठ्ठी वाचू लागले.

‘दाढीवाले दातांचे डॉक्टर: फ्रीजमधून काढून अर्धा तास थांबलो. मग खरी मजा आली.’

‘दोन कुत्रीवाली: बहिणीबरोबर अर्धी अर्धी घेतली. सहा महिन्यांनी बोललो एकमेकींशी.’

‘घसा खाकरणारे: यंदा धुराचा वास जास्त. आधीच्या वर्षीची बरी होती.’

म्हातारबा टबवरून ताडकन उठले. “बरोबर! बरोबर बोलला हा! पिंप बदललं होतं मी. कुणालाही कळलं नाही असं वाटलं होतं मला.” त्यांनी ती चिठ्ठी जावईबापूंच्या नाकासमोर नाचवली. “कोण आहे हा माणूस? भेटवा मला!”

शेवटी एक कागदी पिशवी निघाली. आत काचेचे तुकडे आणि चिठ्ठी. ‘नवरा: चव माहीत नाही. वास सुंदर होता. पायरी अजून चिकट आहे.’ म्हातारबा इतके हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेचना. एकवीस वर्षं ते बिअर गाळत होते आणि पिणाऱ्यानं काय म्हटलं ते आज पहिल्यांदा वाचत होते.

“साठच्या साठ यांच्या कपाटात,” ते डोळे पुसत म्हणाले. “दुकानाला नाही. यांना. आणि यंदाच्या चिठ्ठ्या वर्षाअखेरीला भट्टीवर आल्या पाहिजेत. पिंप पुन्हा भरतो मी. खांदा गेला खड्ड्यात.”

जावईबापू तिथेच, काचेच्या ढिगाऱ्यात, काकूंसमोर येऊन उभे राहिले. खिशातून किल्ली काढली. “काकू, वशिला म्हणालो ते चुकलं माझं. फार चुकलं.”

काकूंना वाटलं होतं, हा क्षण आला तर आपण चांगलं खडसावू. चार वाक्यं तयारही होती. पण त्या पोराचा चेहरा इतका पडला होता, की ती चारही त्यांनी गिळली.

“त्या मुलीचंही अगदीच खोटं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “नव्यांसाठी चार असतात हे मी कुणाला सांगितलंच नाही. यंदा दहा ठेवू आणि दारावर पाटी लावू. अक्षर तुमचं चांगलं आहे, तुम्ही लिहा.”

रिकाम्या बाटल्यांचे क्रेटही व्हॅनमध्ये चढले. आता मागे पाय ठेवायला जागा नव्हती. जावईबापू गुडघे पोटाशी घेऊन बसले आणि दोन्ही हातांनी साठ भरलेल्या आणि पस्तीस रिकाम्या बाटल्या आवरू लागले. म्हातारबांनी गाडी सुरू करून मागच्या गल्लीकडे वळवली.

“इकडून नको,” काकू म्हणाल्या. “बाजारातून घ्या.”

“लांब पडेल की.”

“पडू दे.”

दुपारचा एक वाजला होता. बाजार भरलेला. चष्म्याच्या दुकानातली पायरीवरच होती, ती आत बघून कुणाला तरी हाका मारायला लागली. चपलांच्या दुकानातला हातात एकच चप्पल घेऊन रस्त्यावर आला आणि आ वासून बघत राहिला. काकूंनी काच पूर्ण खाली केली, कोपर बाहेर काढलं आणि ताठ बसल्या. तेवीस वर्षांत त्या या रस्त्यानं रोज दोनदा गेल्या होत्या, पण अशा कधी नाही.

“जरा हळू चालवा,” त्या म्हातारबांना म्हणाल्या.

म्हातारबांनी वेग कमी केला.

“आणखी हळू.”