आधी वाईट, मग चहा

आता नातवंडं झाली, तेव्हा कबूल करायला हरकत नाही. पंचायत समितीची सभापती असताना मी माझा आठ फुटी चेहरा कोळणींच्या वलांडीवर टांगला होता.

वलांडी म्हणजे बोंबील सुकवायच्या बांबूंच्या आडव्या रांगा. तिथे बोंबलांची जोडी जबड्यात जबडा अडकवून उन्हात लटकते. ऐन हंगामात त्यांच्या जागेवर मी लटकले. एकटीच, हात जोडून. खाली ठळक अक्षरांत: 'होळीपर्यंत घरोघरी नळ.'

गाव मुरब्याच्या वाटेवरचं, नाव नको. आठवडाभराने मी माझी शोभा पाहायला गेले, तर बॅनर वाळूत उताणा पसरलेला आणि त्यावर जवळा सुकत घातलेला. ती बारीक, गुलाबी कोळंबी माझ्या गालांवर, कपाळावर दाट बसली होती. एक डोळा तेवढा उघडा.

"तक्रार नोंदवा!" मी ओरडले. केस पांढरे व्हायला लागले होते, पण अक्कल हिरवीच.

सोबत आमच्या कार्यालयातले जनसंपर्काचं टेबल सांभाळणारे गृहस्थ होते. त्यांनी पायातल्या चपला काढल्या, वाळूत शेजारी शेजारी मांडल्या आणि त्यांवर बसले. मग मनसोक्त हसून म्हणाले, "ताई, रागावू नका. तुमचं तोंड पहिल्यांदाच गावाच्या कामाला आलंय."

त्यांचं नाव मी लिहीत नाही. "बातमीत आपलं नाव आलं की बातमी नासली," असं ते म्हणायचे. पाम गावात राहायचे, मोपेडवरून यायचे. शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि काखेत लांबट वही. कुठेही गेले की खुर्ची नाकारून चपलांवर बसायचे. त्यामुळे समोरचा माणूस आपोआप त्यांच्यापेक्षा उंच व्हायचा आणि मोकळा बोलायचा. ते त्याच्याच शब्दांत लिहून घेत, मग मोठ्याने वाचून दाखवत. "चुकलं तर टोका," हे ठरलेलं. तुम्हीही असा एखादा माणूस कुठल्यातरी कचेरीत पाहिला असेल. आपण त्याच्या शेजारच्या टेबलाकडे काम घेऊन जातो आणि बोलतो मात्र त्याच्याशी.

माझ्या लेखी जनसंपर्क म्हणजे पेपरातला माझा फोटो. आरशासमोर उभी राहून मी हात हलवायचा सराव केलेला आहे. उजवा हात बरा दिसायचा.

होळीला महिना उरला असताना अभियंत्यांनी सांगितलं, की पाइप रस्त्याखालून न्यायची परवानगी अडकली आहे, पावसाआधी नळ होत नाही. होळीचा सण कोळीवाड्यात केवढा, ते मला ठाऊक होतं. पाहुण्यांनी घरं भरतात, आणि तेवढं पाणी बायकांनी डोक्यावरून आणायचं. मी गृहस्थांना बोलावलं. "बातमी द्या. 'काम अंतिम टप्प्यात.'"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "लिहितो. पण मग त्या गावात मी वही घेऊन जाणार नाही."

"का बरं?"

"लोक मला कशाला सांगतात, ताई? मी काय देऊ शकतो त्यांना? वही खोटं बोलत नाही, एवढंच आहे माझ्याकडे. तेही तुम्हाला दिलं तर राहिलं काय?"

मी विचारलं, "मग मी करू काय?"

"आधी वाईट. मग चहा. आणि वाईट तुम्हीच सांगायचं."

मी म्हटलं, उद्या अकराला देवळात बैठक ठेवा. ते म्हणाले, "उद्या अकराला भरती. बोटी लागतील, बायका किनाऱ्यावर मासळी निवडत असतील. आपणच जाऊ तिथे."

गेलो. मी रेशमी साडी नेसले होते. मूर्खपणाला गणवेश लागतो. बायका मासळीच्या ढिगाभोवती बसलेल्या. मी म्हटलं, "नळ होळीला येणार नाही. परवानगी हातात नसताना मी तारीख दिली. चूक माझी."

निवडणारे हात थांबले. मग त्यांच्यातली एक म्हातारी, जिला सगळं गाव मावशी म्हणायचं, कमरेवर हात ठेवून उठली. "मंग तवा कशाला टांगून घेतलंस गो? आमचे बोंबील काढून!" त्यानंतर अर्धा तास मला जे ऐकवलं गेलं, ते माझ्या सासूनेही कधी ऐकवलं नव्हतं. मला पळावंसं वाटत होतं. गृहस्थ चपलांवर बसून शांतपणे लिहीत होते. त्यांनी मान वर केली, माझ्या पायांकडे पाहिलं. मी चपला काढल्या आणि त्यांवर बसले. रेशीम वाळूत, खवल्यांत.

मग वहीचं वाचन झालं. "'सभापतीन खोटारडी हाय.' चुकलं तर टोका."

"चुकलंय," मावशी म्हणाली. "लय खोटारडी लिव."

त्यांनी 'लय' घातलं. बायका हसल्या. मीही हसले, डोळे पुसत. तेव्हा कुठे एकीने खरी गोष्ट काढली. "तुमचा टँकर रोज अकराला येतो. आमी भरतीला बंदरावर. परत येतो तवा टँकर नाय नि पानी पन नाय." भरती रोज पुढे सरकते, टँकर मात्र सरकारी, जागचा हलत नव्हता. पुढच्या आठवड्यापासून तो भरतीची वेळ पाहून सुटायला लागला. त्याला ना निधी लागला, ना मंजुरी. आणि चहा त्या दिवशी मावशीनेच दिला.

नळ पावसानंतर आला. मी बॅनर लावला नाही.

गृहस्थ निवृत्त झाले आणि गेल्या वर्षी वारले. मी पामला त्यांच्या घरच्यांना भेटायला गेले, तर अंगण माणसांनी भरलेलं. दाराबाहेर चपलाच चपला. कोपऱ्यात मावशी, आता पुरती वाकलेली. मी तिच्याजवळ बसले. विचारलं, "मावशी, त्या दिवशी मला हाकलून का नाही दिलंत?"

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली,

"तुझा तो बॅनर अजून हाय गो. ठिगळं लावलीत, सुक्या मासळीच्या खोपीवर घातलाय. तोंड आतल्या अंगाला. ह्या वहीवाल्यानंच सांगितलेलं तसं. म्हनला, मावशे, बाहेर मिरवून झालं तिचं, आता आत राहून ऐकू दे तिला."