पट्टीवर मेलेला रफिक

"सर, नाव कुणी कन्फर्म केलं?" मी विचारेपर्यंत पट्टी स्क्रीनवर फिरायला लागली होती. 'कन्नड घाटात जीप दरीत कोसळली. चालक शेख रफिक, रा. फर्दापूर, जागीच ठार.'

मी एका चॅनलच्या संभाजीनगर ब्यूरोत डेस्कवर आहे. बाहेरून आलेली बातमी तपासून पुढे सोडणं हे माझं काम. 'तपासून' हा शब्द आमच्याकडे फक्त मीटिंगमध्ये ऐकू येतो.

"गजाननने दिलंय," ब्यूरो चीफ कुलकर्णी सर म्हणाले. "आपण सगळ्यांत आधी आहोत."

गजानन आमचा कन्नडचा स्ट्रिंगर, म्हणजे गावात राहून बातम्या पुरवणारा. त्याला फोन लावला.

"बॉडी वर काढली का?"

"नाय अजून. दोर लावायलेत."

"मग नाव कुठून आणलंस?"

"नंबर प्लेट दिसायली ना मॅडम. ॲपवर टाकली, मालकाचं नाव आलं."

मी कपाळावर हात मारला. आपल्याकडे जुनी जीप तीनदा विकली जाते आणि कागदावर पहिलाच मालक राहतो. खुद्द गजाननची बुलेट अजून मेव्हण्याच्या नावावर आहे.

"सर, नाव काढू या."

"थांब जरा. बाकीच्या चॅनलनीही चालवलंय."

"ते आपलंच बघून चालवतायत, सर."

तेवढ्यात डेस्कचा फोन वाजला. "मी शेख रफिक बोलतोय, फर्दापूरवरून. तुमच्या टीव्हीवर मेलेला."

जीप त्याने कधीच विकली होती. बातमी लागली तेव्हा तो आपल्या हॉटेलात चहा गाळत होता. "घरी ही गर्दी झाली, मॅडम. मी समोर उभा हाय तरी अम्मी हात सोडंना. बहीण दौलताबादहून रडत निघालीय, तिचा फोन लागंना. जिता हाय, एवढं तरी चालवा."

कुलकर्णी सर खुणा करत होते, नाव विचार, नाव. जीप कुणाला विकली, हे मी विचारलं.

"ठाव हाय. पोलिसाला सांगितलं. टीव्हीला नाय सांगणार. त्याच्या घरी आधी 'लागलंय' म्हणतील, चार माणसं जाऊन बसतील, मग खरं सांगतील. असं पट्टीवर नसतं सांगायचं."

मी फोन ठेवला. "सर, रफिक जिवंत आहे. माफीची पट्टी लावते."

"माफी कशाला? नाव काढ, झालं. आणि त्याचा लाइव्ह घे. 'मेलेला माणूस चहा विकताना सापडला.' मस्त चालेल."

मला संताप आला. पट्टी टाइप केली आणि सोडून दिली. 'फर्दापूरचे शेख रफिक सुखरूप. चुकीच्या बातमीबद्दल दिलगीर आहोत.' सर ओरडले. काढायची तर तुमच्या हाताने काढा, म्हटलं. त्यांनी काढली नाही.

रफिकने नंतर सांगितलं, बहिणीने ती पट्टी सिल्लोडच्या स्टँडवर, एका हॉटेलातल्या टीव्हीवर वाचली.

चालकाचं खरं नाव पोलिसांनी संध्याकाळी दिलं. ते सगळ्या चॅनलवर एकदमच चाललं. आधी कोण होतं, हे कुणी विचारलं नाही.

गजाननला ऑफिसच्या ग्रुपवर 'सर्वांत आधी' म्हणून शाबासकी मिळाली. मला मेमो, न विचारता पट्टी चालवल्याबद्दल. नंबर प्लेटवरून मालक कळतो, स्टेअरिंगवर कोण होतं ते कळत नाही. एवढं समजायला जर्नलिझमची डिग्री लागत नाही. आमच्या ऑफिसात ती सगळ्यांकडे आहे.