बळवंतकाका आणि दीड मिलिमीटर

बळवंत तांडेल मूळचे दातिवऱ्याचे. बाप-आजे समुद्रात जाळी टाकायचे. यांना होडीत बसलं की मळमळायचं, म्हणून बोईसरला येऊन कारखान्यांत पाइप जोडू लागले. त्याला सव्वीस वर्षं झाली. काकांनी सॉकेटच्या, म्हणजे जोडाच्या लोखंडी वाटीच्या, तोंडात बसवलेला पाइप असा तळाला टेकायचा, की मधून पापलेटचा काटाही जाऊ नये. वेल्डिंगआधी पाइपाच्या टोकापुढे दीड मिलिमीटर जागा, असं स्टँडर्डच्या पुस्तकात आहे, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्याचा अर्थ त्यांनी आपल्या स्वभावाप्रमाणे लावला होता: एवढी चूक माफ. आणि माफीवर जगणारे ते नव्हते.

गेल्या महिन्यात वाफेच्या एका लाइनचे चाळीस जोड झाले. बावीस काकांचे, अठरा केतनचे. केतन अकरा वर्षं काकांच्याच हाताखाली तयार झालेला, आता दोन मुलींचा बाप. ठेकेदाराने बजावलं होतं, या वेळी पहिल्यांदाच जोडांचा एक्स-रे निघणार, त्यात ज्याचे जोड फेल, त्याचा गेटपास बंद.

तपासणीच्या इंजिनियर मेघालीने फिल्म उजेडात धरल्या. केतनच्या अठराही जोडांत बारीक काळी फट. काकांना ती दारातूनच दिसली. दुसऱ्याची चूक पोटात घालायला लागणारा मोठेपणा त्यांच्याकडे भरपूर होता.

“मॅडम, एक डाव सोडा त्याला,” ते म्हणाले. “हात चांगला हाय, जरा घाई करतो.”

मेघालीने फिल्मवरचे नंबर पुन्हा पाहिले. “काका, केतनचे पास आहेत. फेल तुमचे आहेत. बावीसच्या बावीस.”

फिल्म उलटी धरली असेल, असं काकांनी अदबीने सुचवूनही पाहिलं. मग तिने पुस्तक उघडून समजावलं. ती जागा म्हणजे सवलत नाही, ती ठेवायचीच असते. पाइप तापला की लांबतो. पुढे वाव नसला तर सगळा ताण वेल्डवर येतो आणि वेल्ड तडकतो.

काका जवळच्या स्टुलावर बसले. तारापूरपासून पालघरपर्यंत कुठे कुठे किती पाइप गच्च बसवले ते बोटांवर मोजू लागले; बोटं पुरेनात.

“तुला ठाऊक होतं?” त्यांनी केतनला विचारलं.

“आयटीआयमध्ये शिकवलेलं. टेकवायचा, खूण करायची, मागे ओढायचा.”

“मग मला बोलला का नाय?”

“पयल्या वर्षी बोललो. तुमी आठवडाभर नुसता गंज घासायला लावला. मग तुमची पाठ फिरली की ओढायचो.”

अकरा वर्षं, पाठीमागे! बावीस जोडांपेक्षा हा घाव खोल होता.

ठेकेदार आला तेव्हा काकांनी आकडा स्वतःच सांगितला. सगळे कापून नव्याने लावतो, फिटिंग केतन करील, मी वेल्ड मारीन, म्हणाले. ठेकेदाराने मेघालीकडे पाहिलं, तिने मान हलवली, तेव्हा काकांचा गेटपास राहिला.

पहिला जोड लावताना केतनने खूण करून पाइप मागे ओढला. सवयीने काकांचा हात तो आत ढकलायला गेला. केतनने मनगट धरलं.

“राहू द्या, काका.”

काकांनी मोठ्या कष्टाने राहू दिलं.